उत्तरेकडची बाग, सिकॅमोरची सावली आणि हेलेबोर

तुमचा प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून नीट बघितले. काही सुटायला नको म्हणून आधी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडते. लेस्टरला नवीन घर घेतलंय, मागची बाग उत्तरेकडे, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा मोठा सिकॅमोर (पानगळीचा मोठा वृक्ष), माती चिकण. पहिल्या ख्रिसमसला पांढऱ्या फुलांच्या ख्रिसमस रोजची, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या हेलेबोरच्याच एका प्रकारची, कुंडी आणली, महिनाभर हॉलमध्ये ठेवली, जानेवारीत बाहेर लावली आणि ती गेली. मग मार्चमध्ये अजून तीन हेलेबोर लावली, त्यातल्या दोघांच्या पानांवर काळे डाग आलेत आणि तिसऱ्याला यंदा फूलच आलं नाही. आता सगळं काढून टाकू का, घरात तीन वर्षांचा मुलगा आहे तर हे झाड ठेवणं बरोबर आहे का, आणि पुण्याला आईला बी पाठवू का.

काढून टाकू नका. तुमची जागा वाईट नाहीये, उलट हेलेबोरसाठी माझ्याकडे कुणी जागा निवडायला सांगितली तर मी पानगळीच्या झाडाखालचीच निवडेन. मी चिल्टर्नच्या डोंगराळ भागात राहते, बकिंगहमशायरमध्ये, १९ वर्षं झाली, त्यातली ११ वर्षं इथल्या एका नर्सरीत काम केलं आणि हिवाळ्याचे चार महिने माझे हात हेलेबोरच्या कुंड्यांमध्येच असायचे. माझी स्वतःची मागची बागही उत्तरेकडेच आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी घराची सावली पार मधल्या वाटेपर्यंत येते, आणि तिथे आज चाळीसेक हेलेबोर आहेत.

पहिली गोष्ट, आणि माझ्या मते बाकी सगळं हिच्यावर अवलंबून आहे, की हे उलट्या ऋतूचं झाड आहे. आपण देशात जे बघत मोठे झालो त्यात झाड पावसाळ्यात वाढतं आणि हिवाळ्यात जरा थांबतं. इथे येऊन पण आपण तेच करतो, एप्रिल-मे आला की उत्साहाने झाडं आणतो, खत घालतो, पाणी घालतो आणि ऑक्टोबर आला की दार लावून आत बसतो. हेलेबोरचं सगळं काम त्याच्या विरुद्ध वेळेला चालतं. सप्टेंबरपासून त्याच्या नव्या मुळ्या सुटायला लागतात, थंडीत कळ्या वर येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतं, एप्रिल-मेमध्ये नवी पानं पूर्ण उघडतात आणि नंतर भर उन्हाळ्यात ते जवळजवळ स्वस्थ बसतं. म्हणून पानगळीच्या झाडाखाली ते सुखात असतं, कारण त्याला जेव्हा प्रकाश हवा असतो तेव्हा वरचं झाड उघडं असतं आणि जेव्हा ऊन नको असतं तेव्हा वर छत्री असते. तुमचा सिकॅमोर नेमकं हेच करतोय.

मी माझं वर्ष आपल्या सणांवर बांधलंय कारण ते माझ्या लक्षात राहतं. लावणी नवरात्रात, जुनी पानं कापायची दत्तजयंतीच्या आसपास, पहिली फुलं संक्रांतीला, शेवटची गुढीपाडव्याला, आणि बी पेरायचं वटपौर्णिमेच्या सुमारास. यातल्या हायब्रीड प्रकाराला इंग्रज लोक लेंटन रोज म्हणतात, ईस्टरच्या आधीचा जो उपवासाचा काळ असतो त्यात फुलतं म्हणून. त्यांनीही ते त्यांच्या सणावारालाच बांधलंय. गुलाबाशी मात्र दोन्ही 'रोज'चा काही संबंध नाही, हे रॅननक्युलेसी कुळातलं झाड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतली मोरवेल, स्वयंपाकघरातली कलौंजी आणि हिमालयातला बचनाग यांचं भावंड.

आता तुमची ख्रिसमस रोज का गेली. ती हेलेबोरस नायगर, आल्प्सच्या भागातली, आणि डिसेंबरमध्ये दुकानात जी फुललेली दिसते ती बहुतेक वेळा ग्रीनहाऊसमध्ये वेळ जुळवून फुलवलेली असते. बाहेर बागेत ती ख्रिसमसला फुलेलच असं अजिबात नाही, माझ्याकडे बहुतेक वर्षी जानेवारीच्या शेवटी उघडते. अशी कुंडी हीटिंग चालू असलेल्या खोलीत महिनाभर ठेवली की झाड हबकतं, कोवळी लांबट पानं काढतं, आणि मग तिला एकदम उणे तापमानात भिजलेल्या चिकणमातीत ठेवलं तर मुळ्या कुजणारच. पुढच्या वेळी डिसेंबरमध्ये घेतली तर दाराबाहेर आडोशाला ठेवा, पाहुणे येणार असतील तर दोन-तीन दिवस आत आणा, परत बाहेर. आणि जमिनीत लावायची ती वसंतात माती जरा सैल झाल्यावर.

अजून एक शंका आहे, फोटोत कुंडीतली माती जिथे होती त्याच्या वर बोटभर माती दिसतेय. नायगरचा गड्डा, म्हणजे मुळ्या आणि पानं जिथे जुळतात तो भाग, खोल पुरला गेला की ती फुलायचं सोडते आणि ओल्या मातीत कुजते. मी स्वतः सुरुवातीला पाच झाडं अशीच पुरली होती, थंडीपासून वाचतील म्हणून वर माती ओढली होती, दोन वर्षं नुसती पानं आणि तिसऱ्या वर्षी काहीच नाही. एक उपटून बघितलं तेव्हा गड्डा बोटाने दाबल्यावर भिजलेल्या पावासारखा आत गेला. तेव्हापासून मी नायगर लावताना गड्ड्याचा माथा मातीच्या पातळीला किंवा किंचित वरच ठेवते. हायब्रीड प्रकार एवढा नाजूक नाहीये, तो दोनेक सेंटीमीटर खाली गेला तरी सोसतो, पण त्याहून खोल नकोच. यंदा न फुललेलं तुमचं तिसरं झाड बहुतेक खोलच लागलंय, किंवा अजून लहान आहे. नऊ सेंटीमीटरच्या कुंडीतलं रोप असेल तर त्याला अजून एक-दोन वर्षं द्या. सप्टेंबरमध्ये भोवतालची माती बोटांनी बाजूला करून गड्डा कुठे आहे ते बघा, खोल असेल तर बागेच्या काट्याने अख्खं उचलून वर घ्या.

चिकणमातीबद्दल लोक उगाच घाबरवतात. हेलेबोरला चिकणमाती आवडते असंही म्हणता येईल, कारण ती अन्न आणि ओल धरून ठेवते. त्याला चालत नाही ते फक्त हिवाळ्यात साचून राहिलेलं पाणी. त्यामुळे लावायच्या आधी एक साधी परीक्षा करा. फूटभर खोल खड्डा काढा, संध्याकाळी बादलीभर पाणी ओता आणि सकाळी बघा. पाणी गेलं असेल तर काही करायची गरज नाही. तळाशी पाणी तसंच असेल तर त्या जागी खड्ड्यात लावू नका, कारण चिकणमातीत खड्डा काढून त्यात छान भुसभुशीत कंपोस्ट भरलं की तो खड्डा म्हणजे हंडाच होतो, आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन बसतं. ही चूक मी नर्सरीत येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलीय की काय सांगू, बिचारे प्रेमाने महागाचं कंपोस्ट घालायचे आणि त्यातच झाड बुडायचं. त्याऐवजी पूर्ण वाफाच सहा इंच उंच करा. चार-पाच फूट लांबीचा पट्टा घ्या, वरची माती काट्याने सैल करा, त्यात शेणखत किंवा घरचं कंपोस्ट आणि कुजलेला पाचोळा भरपूर मिसळा, जाड खडी मिळाली तर तीही, आणि त्या उंचवट्यावर झाडं लावा. हेलेबोरच्या मुळ्या बुटाच्या नाडीसारख्या जाड आणि लांब असतात, खाली खोल जातात, त्यामुळे नुसती वरची चार इंच माती सुधारून भागत नाही.

आणि सिकॅमोरच्या पाचोळ्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्याच्या पानांवरही मोठे काळे डाग आहेत आणि तेच हेलेबोरवर आले असावेत. तसं नाहीये. सिकॅमोरवरच्या त्या डांबराच्या थेंबासारख्या डागाला टार स्पॉटच म्हणतात, ती वेगळी बुरशी आहे आणि ती हेलेबोरला लागत नाही. हा पाचोळा म्हणजे तुमच्या दारात फुकट पडणारं सोनं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करा, काळ्या बिन बॅगमध्ये दाबून भरा, कोरडा असेल तर थोडं पाणी शिंपडा, बॅगला काट्याने भोकं पाडा आणि शेडमागे विसरून जा. दीड-दोन वर्षांत काळसर, भुसभुशीत, जंगलाचा वास येणारं लीफमोल्ड तयार होतं आणि हेलेबोरच्या बुडाशी दोन इंच पसरायला त्यापेक्षा चांगलं काही नाही. फक्त गड्ड्यावर ढीग करू नका, भोवतीने कडं करा. ताजी ओली सिकॅमोरची पानं मात्र झाडावर पडून राहू देऊ नका, ती मोठी असतात, एकावर एक चिकटून बसतात आणि खाली कळ्या कुजतात.

आता डागांकडे येते, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. फोटोत जे दिसतंय ते लीफ स्पॉट आहे, असं मी बऱ्याच खात्रीने सांगते. गोलसर तपकिरी-काळे चट्टे, त्यात वर्तुळावर वर्तुळ, मधला भाग वाळलेला, आणि मुख्यतः जुन्या, बाहेरच्या पानांवर. ही बुरशी आहे, मायक्रोस्फेरॉप्सिस हेलेबोरी, ओल्या हिवाळ्यात जोर करते, आणि तिच्यामुळे झाड मरत नाही, पण लक्ष दिलं नाही तर ती देठांवर आणि फुलांवर चढते आणि देठ मध्येच मोडतात. उपाय सोपा आणि बिनऔषधाचा आहे. हायब्रीड प्रकाराची सगळी जुनी पानं डिसेंबरमध्ये, कळ्या मातीच्या वर यायच्या आधी, अगदी बुडापासून सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापून टाका. सगळी म्हणजे सगळी, हिरवीगार दिसत असली तरी. पहिल्यांदा कापताना हात धजावत नाही, मला माहितीये, कडाक्याच्या थंडीत झाडाला पार उघडं करून ठेवतोय असं वाटतं. पण गड्ड्यातून आठवडाभरात कळ्या वर येताना दिसतात, फुलांभोवती हवा खेळते, बुरशी पुढे सरकत नाही, आणि फुलं दिसतातही छान. कापलेली पानं कंपोस्टमध्ये घालू नका, काउन्सिलच्या बिनमध्ये टाका. नायगरची सगळी कापायची नाहीत, फक्त डागाळलेली काढा.

ज्याची भीती बाळगायची तो दुसरा रोग, ब्लॅक डेथ. नावासारखाच आहे. हा विषाणू आहे, हेलेबोरस नेट नेक्रोसिस व्हायरस, आणि तो बहुतेक मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, यांच्यामार्फत पसरतो. फरक असा ओळखायचा की लीफ स्पॉट जुन्या पानांवर गोल चट्टे करतो, तर हा नव्या कोवळ्या पानांवर येतो, शिरांच्या बाजूने काळ्या रेघा काढत, शाईच्या पेनाने जाळी काढावी तशा. पानं आखडलेली, वेडीवाकडी, देठांवरही काळ्या रेघा, फुलं चुरगळल्यासारखी. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणाहून सेलमध्ये आठ झाडांचा ट्रे आणला होता, घाईत पानं उलटून बघितली नाहीत, आणि त्यातल्या एकाबरोबर हा घरात आला. मी ते झाड बरं होईल, अजून एक ऋतू बघू, असं करत ठेवलं आणि पुढच्या मार्चपर्यंत शेजारची तीन गेली, त्यातलं एक मी स्वतः बियांपासून वाढवलेलं होतं, जांभळ्या-काळ्या रंगाचं. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं. ब्लॅक डेथवर औषध नाही. दिसलं की मुळासकट काढा, पिशवीत बांधा, कचऱ्यात टाका, सिकेटर डेटॉलने पुसा. आणि फेब्रुवारी ते एप्रिल फुलांच्या आत डोकावून बघत जा, हेलेबोरचा म्हणून एक वेगळा मोठा फिकट हिरवा मावा असतो, तो फुलाच्या आत कोंडाळं करून बसतो. दिसला की बोटाने चिरडायचा किंवा पाण्याचा फवारा मारायचा, तेवढं पुरतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण दर जानेवारीत यावरून मला कुणाचा तरी घाबरलेला फोन येतो. कडक फ्रॉस्टच्या सकाळी तुम्ही पडदा उघडाल आणि सगळी फुलं जमिनीवर आडवी झालेली दिसतील. देठ काचेसारखे, पानं काळपट हिरवी, जणू कुणीतरी रात्री उकळतं पाणी ओतलंय. झाड मेलेलं नसतं. थंडीत ते देठाच्या पेशींमधलं पाणी बाहेर काढून घेतं, म्हणजे आत बर्फ होऊन पेशी फुटणार नाहीत, आणि पाणी गेलं की देठाचा ताठरपणा जातो. मी एका रविवारी खिडकीत चहा घेऊन बसून मुद्दाम बघितलंय, सकाळी आठला सगळं भुईसपाट, साडेनऊला देठांना हलकी कमान, साडेअकराला शेवटचं फूलही उभं. तेव्हा हात लावू नका, कोमट पाणी तर अजिबात ओतू नका, आणि गोठलेला देठ सरळ करायला जाल तर तो कटकन मोडेल.

कुठला प्रकार घ्यायचा हे विचारलंय. तुमच्या जागेसाठी तीन सांगते. वाफ्याच्या मुख्य भागात हेलेबोरस हायब्रीडस, म्हणजेच लेंटन रोज. ही बियांपासूनची असतील तर प्रत्येक झाडाचं फूल वेगळं निघतं, त्यामुळे ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका, फेब्रुवारीत नर्सरीत जा आणि फुललेलं झाड डोळ्यांनी बघून घ्या, फूल दोन बोटांनी उचलून आतले ठिपके बघा, पानं उलटून बघा. तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही अशी वेस्ट मिडलंड्समध्ये अ‍ॅशवूड नर्सरीज आहे, तिथे जॉन मॅसी यांनी वर्षानुवर्षं निवड करून जे हायब्रीड तयार केलेत ते बघण्यासाठी तरी एकदा जाच. या देशात हेलेबोरवर काही लोकांनी आयुष्यं घालवलीत, हेअरफर्डशायरमध्ये हेलन बॅलर्ड यांनी गोल पाकळ्यांची स्वच्छ रंगांची झाडं तयार केली, आणि केंटच्या एलिझाबेथ स्ट्रँगमन यांना १९७१ मध्ये मॉन्टेनेग्रोमध्ये रानात वाढलेली दोन डबल फुलांची झाडं सापडली, त्यांची नावं त्यांनी डायडो आणि इनियस ठेवली. डबल हेलेबोर दिसलं की मला डोंगरात गुडघ्यावर बसून फूल उलटं करून बघणारी ती बाई आठवते. रंगाची खात्रीच हवी असेल तर नावाची झाडं घ्या, अ‍ॅनाज रेड किंवा पेनीज पिंक, डेव्हनच्या रॉडनी डेव्ही यांची, पानांवर संगमरवरासारखी नक्षी असते त्यामुळे फुलं नसतानाही वाफा सुना दिसत नाही.

सिकॅमोरच्या अगदी बुंध्याजवळ, जिथे उन्हाळ्यात माती कोरडी ठाक होते, तिथे हायब्रीड रडेल. तिथे हेलेबोरस फीटिडस लावा. हा इथलाच रानटी, खडूच्या-चुनखडीच्या जमिनीतला. माझ्या घरामागच्या बीच वृक्षांच्या जंगलात तो आपोआप उगवतो. हिरव्या घंटा, काठाला तांबूस रेघ, बारीक बोटांसारखी काळपट पानं. इंग्रजी नावात (स्टिंकिंग हेलेबोर) दुर्गंधी आहे पण पान चुरगळल्याशिवाय वास येत नाही. याचं फूल मला सगळ्यात विलक्षण वाटतं, त्याच्या मधात यीस्ट वाढतं आणि त्या यीस्टमुळे फुलाच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा थोडं वाढतं, स्पेनमधल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलंय. फेब्रुवारीत भुंग्यांच्या राण्या झोपेतून उठून आधी कुठे जातात तर या घंटांमध्ये. हा फार जगत नाही, चार-पाच वर्षं, पण स्वतःचं बी स्वतः टाकतो. आणि याची पानं डिसेंबरमध्ये कापायची नाहीत, कारण याचं फूल पानांच्याच दांड्याच्या टोकाला येतं. बी गळून गेल्यावर जूनमध्ये ती फुललेली दांडी तेवढी बुडातून काढायची, बाजूने नव्या आलेल्या असतात.

तिसरा, दाराजवळच्या कुंडीसाठी, नायगरच्या संकरातला एखादा, एरिकस्मिथाय गटातला. हे बहुतेक बी धरत नाहीत म्हणून फार दिवस फुलतात आणि फूल मान खाली घालत नाही, समोर बघतं. कुंडी खोल घ्या, उथळ नको.

लावल्यावर पहिला उन्हाळा पाणी द्यायलाच लागतं, आठवड्यातून एकदा पण भरपूर, रोज शिंतोडे नकोत. सिकॅमोरच्या मुळ्या वरवरच्या ओलीवर टपूनच असतात. आणि नंतरही जुलै-ऑगस्टमध्ये अगदी सुकू देऊ नका, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच सुमारास आत तयार होतात. तेव्हा पाणी तुटलं की फेब्रुवारीत फुलं कमी, आणि कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. खत वर्षातून दोनदा, सप्टेंबरमध्ये आणि फुलं संपत आल्यावर, मूठभर. इथे सगळे ब्लड फिश अँड बोन, म्हणजे रक्त, मासळी आणि हाडांचं खत, सांगतात, तुमच्या घरात ते चालत नसेल तर साधं दाणेदार संतुलित खत घाला, झाडाला काही फरक पडत नाही. सोबतीला स्नोड्रॉप, सायक्लेमेन कूम, फर्न, एपिमेडियम लावा.

मुलाबद्दल. झाड विषारी आहे, पानापासून मुळापर्यंत सगळं, हे स्पष्टच सांगते. चव इतकी कडू असते की मूल सहसा दुसरा घास घेत नाही, पण त्यावर विसंबू नका. तीन वर्षांच्या मुलाला बागेतलं काहीही तोंडात घालायचं नाही हे शिकवा, शेंगा पिकायच्या वेळी मे-जूनमध्ये जास्त लक्ष ठेवा किंवा त्या वर्षी शेंगा आधीच कापून टाका. काही खाल्लं असं वाटलं तर वाट न बघता १११ ला (एनएचएसची सल्ल्याची लाइन) फोन, त्रास दिसत असेल तर ९९९ (अ‍ॅम्ब्युलन्स). स्वतः काम करताना हातमोजे घाला. नर्सरीत एकदा मी दुपारभर उघड्या हाताने बिया सोलत बसले होते, तेव्हा काही वाटलं नाही, रात्री बोटांची टोकं जळायला लागली आणि पुढचे पंधरा दिवस सालं निघत होती.

आणि यातच एक गोष्ट. आपल्या ओळखीतल्या एक आजी भारतातून आल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे ब्लॅक हेलेबोर हे नायगरचं दुसरं नाव ऐकलं आणि म्हणाल्या अगं ही तर कुटकी, मुळी वाळवून ठेव, पोटाला चांगली. त्यांचा गोंधळ निराधार नव्हता, जुन्या इंग्रजी पुस्तकांत कुटकीला खरंच ब्लॅक हेलेबोर म्हटलेलं सापडतं. पण आपली आयुर्वेदातली कुटकी ही हिमालयातली पिक्रोऱ्हायझा, पूर्णपणे वेगळं झाड. हेलेबोरच्या मुळीतली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. कुणी घरातलं मोठं माणूस असं म्हणालं तर संकोच न करता थांबवा.

बियांचं सांगते, मग आईंच्या प्रश्नाकडे येते. फुलाचा जो रंगीत भाग आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर संदलं असतात, कळीला बाहेरून झाकणारी. खऱ्या पाकळ्या आत त्या छोट्या हिरव्या नळ्या झाल्यात, मध ठेवायला. परागीभवन झालं की नळ्या आणि पुंकेसर गळतात पण संदलं दोन-दोन महिने टिकतात, हळूहळू हिरवट होतात, आणि मधे शेंगा फुगतात. मेच्या शेवटी-जूनमध्ये शेंग वरून फटकते आणि आत दोन रांगांत चकचकीत काळं बी दिसतं, मिऱ्यापेक्षा लहान, लांबट, एका कडेला पांढरी चरबीदार कड. ती कड मुंग्यांसाठी असते, मुंग्या बी ओढून नेतात, कड खातात आणि बी टाकून देतात. तुम्ही त्यांच्या आधी पोचायचं, हातमोजा घालून बी तळहातावर झाडून घ्यायचं आणि त्याच आठवड्यात पेरायचं. डब्यात ठेवून पुढच्या वसंतात पेरलं तर ते रुसतं, वर्ष-वर्ष उगवत नाही. ताजं पेरून कुंडी बाहेर सावलीत ठेवली, ओल सांभाळली, की आधी उन्हाळ्याची ऊब आणि मग थंडी असं दोन्ही मिळाल्यावर डिसेंबर-जानेवारीत, बाहेर सगळं गोठलेलं असताना, दोन-दोन जाड हिरवी पानं वर येतात. फूल यायला तीन वर्षं धरा.

आता यावरूनच लक्षात येईल की पुण्याला ते का जमणार नाही. बियाला जी थंडी लागते ती तिथे नाही, एप्रिल-मेची उष्णता आणि नंतरचा पावसाळा दोन्ही त्याला सोसणार नाही. महाबळेश्वरला थंडी असते म्हणाल तर तिथला पाऊस गड्डा कुजवेल. शिवाय बी भारतात न्यायला परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोग-कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं, ते नसताना बॅगेतून नेऊ नका.

आईंना दाखवायचंच असेल तर हे करा. फेब्रुवारीत प्रत्येक झाडाचं एकेक फूल मानेपाशी कापा आणि घरात पितळेचं घंगाळं किंवा पसरट परात असेल त्यात पाणी भरून तोंड वर करून तरंगत सोडा. बागेत ही फुलं मान खाली घालून असतात, आतले ठिपके दिसतच नाहीत. फुलदाणीत कोवळं फूल ठेवलं तर तासाभरात मान टाकतं, शेंगा धरलेलं जरा जास्त टिकतं, पण पाण्यावर पाच-सहा दिवस छान राहतात. माझ्याकडे आजीचं घंगाळं आहे, दर संक्रांतीला मी त्यात पहिली फुलं सोडते आणि व्हिडिओ कॉलवर गावाकडच्यांना दाखवते.

आत्तासाठी एवढंच करा, डागाळलेली पानं आजच कापून टाका, तिसऱ्या झाडाचा गड्डा सप्टेंबरमध्ये तपासा, आणि पुढच्या मार्चमध्ये नवी पानं उघडली की त्यांचे वरून आणि खालून दोन्हीकडून फोटो मला पाठवा, काळ्या रेघा आहेत का ते मी बघून सांगते.